‘दारं’ : एका सिनेमाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. पुणे

मुहूर्त बरा म्हणून आज माझ्या पटकथेच्या तिसऱ्या खर्ड्याचं वाचन ठेवलं. निर्माते, दिग्दर्शक, कॅमेरामन, कलादिग्दर्शक, मी, आणि मधूनमधून चहा घेऊन येणाऱ्या दिग्दर्शकाच्या आई. गोष्ट थोडक्यात अशी: जुन्नर तालुक्यातला एक मळा, मळ्यात एकच घर, घरात आजी, धाकटा मुलगा बापू, त्याची बायको, नऊ वर्षांची मुलगी. थोरला चाकणला कंपनीत. उसात बिबट्या.

वाचन संपल्यावर निर्मात्यांचा पहिला प्रश्न, “बिबट्या एकूण किती वेळा दिसतो?” मी मोजून ठेवलं होतं. अकरा वेळा.
“आणि खरा मिळेल का?”

खरा मिळत नाही. केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ-करमणुकीसाठी शिकवायला नि दाखवायला बंदी आहे. सर्कशीतले वाघ गेले ते त्यामुळेच. कॅमेरामनला या विषयावर बोलायला फार आवडतं. ‘रोर’ नावाच्या १९८१ च्या अमेरिकन सिनेमात एका कुटुंबानं घरात सिंह-वाघ बाळगून शूटिंग केलं, आणि कॅमेरामन यान द बाँटच्या डोक्याची कातडी सिंहानं सोलून काढली, हे तो प्रत्येक बैठकीत सांगतो. आजही सांगितलं. पुढे तो माणूस मोठा दिग्दर्शक झाला, हेही सांगतो, पण डोक्यावरून हात फिरवत.

राहिला संगणकावरचा बिबट्या. एका शॉटचा अंदाज ऐकून निर्मात्यांनी कप बशीत ठेवला. अकराचे चार करा म्हणाले.

कप उचलताना आई सहज म्हणाल्या, “आमच्या मावशीकडे ओतूरला वाघ यायचा म्हणे. पाहिला कुणीच नाही. शेळ्या मात्र जायच्या.”

वहीत लिहून ठेवलं. का ते तेव्हा कळलं नाही.

२८ ऑक्टोबर, वसुबारस

जागा बघायला निघालो. आळेफाट्यावर मिसळ, मग ओतूरच्या बाजूला. आज तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या महादेव कोळी वस्त्यांत वाघबारस. वाघोबाच्या दगडाला शेंदूर, नारळ, खीर. गुराखी पोरं वाघ होतात, बाकीची त्यांना पळवून लावतात. खाली बागायती पट्ट्यात याच दिवशी गाय-वासराची पूजा. एकाच तिथीला वरच्या अंगाला वाघ पुजतात आणि खालच्या अंगाला गाय, हे दिग्दर्शकाला इतकं आवडलं की लगेच सुरुवातीला घ्यायचं म्हणाला. मला शंका आहे. डोंगरातला वाघोबा आणि उसातला बिबट्या यांची एका फ्रेममध्ये मोट बांधली की सिनेमा लगेच माहितीपट होतो. शिवाय आपली आजी बागायती पट्ट्यातली. ती वाघोबाला हात जोडेल, पण आपल्या मळ्यात त्याला देऊळ बांधणार नाही.

सहा घरं पाहिली. एकही नाही जमलं. सगळीकडे स्लॅब आणि स्टीलचे कठडे.

५ नोव्हेंबर

घर मिळालं. पत्र्याचं, तीन खणी, पुढे ओटा, डाव्या हाताला गोठा. गोठ्याला जाळी मारलेली, वरूनसुद्धा. ओट्यापासून दहा पावलांवर ऊस सुरू होतो तो तिन्ही बाजूंनी. आडसाली, मागच्या वर्षीच्या जुलैची लागण, डोक्याच्या वर दोन हात. घराला जणू भिंतीबाहेर अजून एक भिंत आहे, आणि ती हलते.

घरमालक काका साठीचे. “माझ्या लहानपणी हितं बाजरी होती. बाजरी तीन महिन्यांत काढली की रान मोकळं. वाघ कुठं बसंल?” मग कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. पाटाला पाणी आलं, पाण्यामागे ऊस, उसामागे बिबट्या. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. बिबट्याची मादी तीन-सव्वातीन महिन्यांत विते. म्हणजे एका उसात पिल्लं होऊन चांगली हिंडती होतात. जंगल न पाहिलेले बिबटे आहेत इथे, उसातच जन्मून उसातच वाढलेले. त्यांना ‘गावात शिरले’ म्हणणं म्हणजे भाडेकरूला चोर म्हणण्यासारखं. (हे वाक्य संवादात घालायचा मोह होतोय. घालू नये.)

आता आजची खरी कमाई. चहा पिताना भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी, वहीचा एक कागद चिकटवलेला दिसला. लाइटीचं वेळापत्रक. या फीडरवर शेतीपंपाला थ्री फेज आठवड्यातले चार दिवस दिवसा आणि तीन दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला काका साडेदहाला निघतात. खांद्यावर खोरं, हातात बॅटरी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात वग लावलेला. सरीत पाणी भरलं की एक दारं (पाटातून सरीत पाणी घ्यायचं मातीचं तोंड) मोडायचं, दुसरं धरायचं. पहाटेपर्यंत तेच. खोरं चालवताना माणूस वाकतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. बसणंउठणं जपून करावं असं वनखात्याची माणसं सांगतात ते याचसाठी.

मी काकूंना विचारलं, “तुम्ही झोपता का तोवर?”

“झोप कशी लागंल? मी अर्ध्या अर्ध्या तासानं मिस कॉल देते. त्यांनी कट केला की बरं आहे.”
“उचलत नाहीत?”
“उचलायला हात चिखलाचे. कट करायला एक बोट पुरतं.”

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. नारायणगाव ओलांडल्यावर दिग्दर्शक म्हणाला, “आपण तिसरा खर्डा फेकतोय.” हो. सगळी गोष्ट त्या कागदावर होती. कोण कधी घराबाहेर पडणार, कोणी कुणाची वाट बघायची, पोरीला शाळेतून कोण आणणार, शेळ्या किती वाजता आत घ्यायच्या. बिबट्या घरात येत नाही, तो घराच्या वेळापत्रकात येतो. भांडणं सगळी तिथली. चाकणचा थोरला फोनवर “जपून जा रे” म्हणतो आणि धाकट्याच्या डोक्यात तिडीक जाते, कारण ‘जपून जा’ म्हणणाऱ्याला जायचं नसतं.

नावही तिथेच मिळालं. ‘दारं’.

१६ नोव्हेंबर

चौथा खर्डा. बिबट्या अकरावरून एकवर. निर्माते आधी खूश (खर्च), मग काळजीत (पोस्टरवर काय छापायचं).

कारखान्यांचा गाळप हंगाम कालपासून सुरू, पण ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या नाहीत. २० तारखेला विधानसभेचं मतदान, ते करूनच माणसं बीडकडून निघणार. आमचं सगळं चित्रीकरण तोडीच्या तारखेवर बांधलेलं. ऊस उभा हवा तोवरचे प्रसंग आधी, तोडीचे नंतर, आणि एकदा तोडला की परत उभा करता येत नाही. कलादिग्दर्शक म्हणाला, “सेट जाळून टाकायच्या सिनेमात तरी एक रिहर्सल मिळते.”

काकांची तोड जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात येईल असा चिटबॉयचा (कारखान्याच्या ऊसतोडीची पाळी कळवणाऱ्या माणसाचा) निरोप. देव करो नि तसंच होवो.

२४ नोव्हेंबर

कागदपत्रं. जनावर कॅमेऱ्यासमोर आणायचं तर २००१ च्या नियमांखाली प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. मंडळाचं कार्यालय पूर्वी चेन्नईला होतं, २०१८ पासून हरियाणात बल्लभगडला. आमची यादी: शेळ्या चार, बोकड एक, कुत्रा एक, गाय एक, वासरू एक. प्रत्येकाचा मालक, पशुवैद्यकाचा दाखला, आणि कोणत्या प्रसंगात जनावर नेमकं काय करणार याचं वर्णन. ‘शेळी क्र. २, प्रसंग ३१: पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात उभी राहते. पाला खाते. ओरडते.’ इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या नटाच्या भूमिकेचंही केलेलं नाही.

८ डिसेंबर

पिंजरा.

गोष्टीत सरपंच अर्ज देतो, वनखातं पिंजरा लावतं, आमिषाला आजीची शेळी. कलादिग्दर्शकानं पिंजरा हुबेहूब बनवलाय: पुढे सरकतं दार, मध्ये पाटा, मागे जाळीनं वेगळा केलेला कप्पा. बिबट्याला शेळी दिसावी, वास यावा, पण हाती लागू नये. आता त्या कप्प्यातल्या शेळीला चारा-पाणी कुणीतरी करायचं. पटकथेत ते काम मुलीकडे आलं. रोज शाळेतून आली की ती पिंजऱ्यामागे जाऊन आपल्याच शेळीला पाला घालते. घरातल्या कुणालाच हे पटत नाही आणि दुसरं कुणी करतही नाही.

इथे आधीच्या खर्ड्यात वनरक्षकाचं दोन पानी भाषण होतं. मीच लिहिलेलं, मोठ्या अभ्यासानं. जुन्नर भागात २००१ मध्ये बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायची मोहीम सुरू झाली, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०११ मध्ये मांडलं. नव्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, नाहीतर परत निघतं. रिकाम्या झालेल्या जागी दुसरं येतं. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या ‘आजोबा’ला पट्टा बांधून माळशेजला सोडलं, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या अंगाला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोचला. सगळं खरं. आणि सगळं नटाच्या तोंडी गेलं की शाळेतल्या भित्तिपत्रकासारखं ऐकू येत होतं.

आज दोन्ही पानं उडवली. आता वनरक्षक पिंजऱ्याचं दार तपासता तपासता आजीला म्हणतो, “हा गेला तर दुसरा येईल, आजी. याला निदान तुमचा रस्ता माहितीय.” बस. आजी उत्तर देत नाही. शेळीचं दावं सैल करते.

१९ डिसेंबर, चित्रीकरणाचा चौथा दिवस

माझी चूक. जशी झाली तशी लिहिते.

प्रसंग १२: सकाळी बांधावर ठसे दिसतात. कलादिग्दर्शकाकडे बिबट्याच्या पंज्याचा एक प्लास्टरचा साचा होता. त्यावरून त्यानं रबराचा शिक्का केला. काल संध्याकाळी पाटाच्या कडेला ओल्या मातीत आम्ही दोघांनी तो उमटवला, चांगले वीस-बावीस ठसे, दोन बांध ओलांडून. चार बोटं, मागे तीन पाळ्यांची गादी, नखं नाहीत. कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्याची आत असतात, एवढं आम्हाला माहीत होतं आणि तेवढ्यावर आम्ही खूश होतो. उजेड गेला, सकाळी घेऊ म्हणून परतलो. पुसले नाहीत. वरून पाटी टाकली नाही. शेजारच्या मळ्यात सांगितलं नाही. ती जबाबदारी माझी होती, यादीत लिहिलेलीसुद्धा होती.

सकाळी साडेसहाला आलो तर बांधावर तीस-चाळीस माणसं. शेजारच्या मळ्यातली दोन मुलं शाळेत गेली नव्हती. एका बाईनं शेळ्या सोडल्या नव्हत्या, त्या आत कोंडून ओरडत होत्या. दूधवाला पलीकडून वळून गेला होता. मोबाइलवर फोटो तालुकाभर. वनखात्याला फोन झालेला, आणि वनरक्षक साहेब बारा किलोमीटरवरून थंडीत मोटरसायकलवर येऊन पोचलेले.

ते ठशांपाशी उकिडवे बसले. एक पाहिला, दुसरा पाहिला, पुढे चार-पाच पावलं चालत गेले. मग वर बघून विचारलं, “शूटिंगवाले कोण?”

मी पुढे झाले.

“ताई, तुमच्या बिबट्याला चारी पाय पुढचेच आहेत.”

माणसं हसली. मला हसता आलं नाही. त्यांनी काडीनं दाखवलं. पुढचा पंजा रुंद, गोलसर. मागचा जरा निमुळता, लहान. चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो. आणि वजन. जनावर चालतं तेव्हा बोटांकडची माती दाबली जाते, कडेला सरकते. “हा तुमचा पोस्टाचा शिक्का मारल्यासारखा सगळीकडं सारखा.”

मग बाजूला घेऊन, आवाज न चढवता म्हणाले, “इथं माणसं खऱ्या ठशांवर दिवस ठरवतात. पोरगं शाळेत पाठवायचं का नाही, ते. तुम्ही आज वीस घरांचा दिवस खोटा केला.”

२० डिसेंबर

काल दुपारी दिग्दर्शक, मी आणि काका, तिघं आठ मळ्यांवर जाऊन माफी मागून आलो. काकांना यायची गरज नव्हती. ते म्हणाले, “माझ्या रानात झालं ना.” शेळ्या कोंडलेल्या बाईंनी चहा दिला आणि वर ऐकवलं, “सिनेमात खोटा वाघ, बांधावर खोटा वाघ. आमचा खरा आहे त्याचं काय करता?” उत्तर नव्हतं. चहा प्यायलो.

नवा नियम, फळ्यावर: ठसा कॅमेऱ्यासमोर उमटवायचा, शॉट होताच खोऱ्यानं मोडायचा, सरपंच आणि वनरक्षक दोघांना आदल्या दिवशी निरोप. साउंडवाल्याला स्पीकरवर बिबट्याचा आवाज वाजवून नटांची प्रतिक्रिया घ्यायची होती (करवतीनं लाकूड कापल्यासारखा तो खरखर आवाज). रद्द. आवाज एडिटला टाकू. नटांनी नुसतं ऐकल्यासारखं करावं, त्याचेच पैसे मिळतात.

प्रसंग १२ पुन्हा घेतला. ठसा एकच, अर्धवट, पाण्यानं भरत चाललेला. आधीच्या बावीस ठशांपेक्षा हा कितीतरी बरा.

२८ डिसेंबर

जनरेटर बंद. नगरहून माणूस आला, बघितलं, पार्ट नाही म्हणाला, गेला. दिवस वाया.

३ जानेवारी २०२५

दोन प्रसंग, दोन्ही ओरडण्याचे.

पहिला, शेळी क्र. २. पिंजऱ्यात एकटी असल्यानं ती रात्रभर ओरडते, असं कागदावर. प्रत्यक्षात दोन आठवड्यांत ती युनिटला एवढी सरावलीय की पिंजऱ्यात शांत रवंथ करत बसते, आणि लाइट लागला की कॅमेऱ्याकडे बघते. दिग्दर्शकानं तास घालवला. शेवटी काकू म्हणाल्या, “पोरीला घेऊन जा तिच्या नजरंआड.” मुलीचं काम करणारी चिमुरडी रोज तिला खरोखर पाला घालते. तिला गाडीत नेऊन बसवलं. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला शेळीनं मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि जी सुरू झाली ती चार मिनिटं थांबली नाही. शॉट झाला. चिमुरडी गाडीतून रडत आली, “तिला का रडवलं?” पशुवैद्यक हजर होते, त्यांनी शेळी तपासली, ठणठणीत. चिमुरडीला गुळाची पोळी.

दुसरा, मिस कॉलचा. बापूची बायको अंधारात बसून फोन लावते, तिकडून कट होतो. परत अर्ध्या तासानं. तिसऱ्या वेळेला कट होत नाही. नुसती रिंग वाजत राहते. नटी अप्रतिम. डोळे भरले, ओठ थरथरले, सेटवर सगळे गप्प. दिग्दर्शक तिच्या पाया पडायचाच बाकी राहिला. मलाही आवडला. लिहून ठेवते, कारण रात्री झोपताना उगाच कुठेतरी खुपलं. कारण सापडलं नाही.

९ जानेवारी

टोळी आली. बीडकडची, अकरा कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. काकांच्या रानाच्या कडेला कोप्या (झोपड्या) पडल्या. पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, वर ताडपत्री. आमचं घर निदान पत्र्याचं. कोपीला दारच नाही, आणि पहाटे चारला आई-बाप फडात गेले की पोरं कोपीत झोपलेली. या सगळ्या गोष्टीत सर्वांत उघड्यावर कोण, तर ही माणसं, आणि आमच्या पटकथेत त्यांना दोन वाक्यं होती. गेल्या वर्षी वाढलेला दर टनाला ३६६ रुपये, एका जोडीचं दिवसाला दीड-दोन टन. उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून आधीच घेतलेली, म्हणजे बिबट्या दिसला म्हणून काम सोडून जाता येत नाही.

एका ताईंना विचारलं, भीती वाटत नाही का. त्या मोळी बांधत होत्या. वाढ्याची (उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याची) दोरी वळून गाठ मारली, मोळी डोक्यावर घेतली, ट्रॅक्टरच्या फळीवरून चढून टाकून आल्या, मग म्हणाल्या, “वाटती की.” आणि पुढची मोळी.

रात्री बसून प्रसंग ४० ते ४४ नव्यानं लिहिले. आजी कोपीतल्या पोरांना पहाटे ओट्यावर आणून झोपवते. सुनेला ते आवडत नाही. मग एके दिवशी सूनच आणते.

१३ जानेवारी, पौष पौर्णिमा

चांदण्यात बापूचा दारं धरण्याचा प्रसंग. कॅमेरामनला फक्त चंद्र आणि बॅटरी हवी होती. पाणी इतकं गार की नटाचे पाय सुन्न झाले. दोन टेकच्या मध्ये शेकोटी. त्याचं खोरं चालवणं आता बरंच सुधारलंय. काका बांधावर बसून दुरुस्ती सांगतात. “दारं मोडताना माती एका फटक्यात नाही काढायची, पाण्याला वाट दाखवायची, मग तेच मोडतं.”

सिनेमातला एकमेव ‘बिबट्या’ आज झाला. वारा पडलेला, सगळा ऊस निश्चल, आणि मधलं एकच वाढं हलतं. मग त्याच्या पुढचं. मग पुढचं. कलादिग्दर्शकाचा पोरगा सरीत पालथा पडून नायलॉनची दोरी ओढत होता. सातवा टेक ओके. पाचट वाजलं नाही पाहिजे म्हणून त्यानं सरीत पोती अंथरली होती. निर्मात्यांना मॉनिटरवर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “संगणकाचे पैसे वाचले, ते कोपीच्या प्रसंगाला घ्या.” माणूस वाटतो त्यापेक्षा बरा आहे.

२७ आणि २८ जानेवारी

काकांची तोड. परत मिळणार नाही ते दोन दिवस.

तोड कडेनं आत सरकते आणि उभा ऊस आक्रसत जातो. फडात जे काही असेल, डुक्कर, ससा, मांजर, ते मधल्या पट्ट्यात साचत जातं. शेवटच्या दहा-बारा सऱ्यांना टोळी आपोआप गप्प होते. नेहमीचा कलकलाट, हाका, गाणी थांबतात, नुसता कोयत्यांचा आवाज. हे आम्ही सांगितलेलं नव्हतं. आम्ही नुसतं चित्रित केलं. खऱ्या पट्ट्यातून निघाली एक घोरपड.

सिनेमातल्या पट्ट्यातून पिल्लं निघतात. इथे दर हंगामात हे होतं. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे पशुवैद्यक पिल्लं तपासतात, आणि संध्याकाळी जिथं सापडली त्याच जागी भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवतात. कॅमेरा ट्रॅप लावून माणसं लांब जातात. अंधार पडला की मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. कधी पहिल्याच रात्री, कधी दुसऱ्या.

आम्ही पिल्लू दाखवत नाही. क्रेट, वर गोणपाट, आणि हातमोजे घातलेले हात. पण हातांना वजन कळायला हवं. कलादिग्दर्शकानं हरभऱ्याची सव्वा किलोची पिशवी ओल्या टॉवेलात गुंडाळून दिली. हातात घेतली की हरभरे आतल्या आत सरकतात आणि नकळत दुसरा हात खाली जातो. वनरक्षकाचं काम करणाऱ्या नटाचा तसाच गेला. बाजूला खरे वनरक्षक साहेब उभे होते, तेच ते शिक्केवाले. त्यांनी एकच दुरुस्ती केली. “क्रेट ठेवून मागं बघत बघत जायचं नाही. सरळ चालत जायचं. बघायला थांबलं की ती यायची थांबते.”

तो शॉट: सगळे पाठमोरे, कुणीही वळत नाही, आणि मुलगी वळावं की नाही या विचारात अर्धी मान वळवून थांबते. हे मान वळवणं तिनं स्वतःच्या मनानं घातलं.

आज संध्याकाळी घर पहिल्यांदा लांबून दिसलं. दहा पावलांवरची भिंत गेली. काकू ओट्यावर आल्या नि म्हणाल्या, “उघडं उघडं वाटतं बाई.”

१५ मार्च

पहिली जुळणी दोन तास दहा मिनिटं. लॅपटॉप घेऊन मळ्यावर गेले, काका-काकूंना दाखवायला. खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत येणाऱ्या पिकाला) घोट्याएवढे फुटवे आलेत.

काका ठशांच्या प्रसंगाला खूप हसले. शेळी ओरडली तेव्हा गोठ्यातल्या शेळ्यांनी उत्तर दिलं. मिस कॉलचा प्रसंग आला. नटी रडली. मी काकूंकडे बघत होते.

“चांगलं केलंय,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “पण मी अशी बसत नाही गं.”
“मग?”
“वाती वळते. कापूस घ्यायचा, मांडीवर घासायचा. एका फोनापासून दुसऱ्या फोनापर्यंत चाळीसेक होतात.”
“आणि कट झाला नाही तर?”
“वळत राहते. हात थांबवला की मग काय करायचं?”

जानेवारीपासून खुपत होतं ते हे. आपण तिला घाबरताना दाखवली, आणि ती तर आठवड्यातल्या तीन रात्री, वर्षानुवर्षं हे करतेय. दिग्दर्शकाला तिथूनच फोन लावला. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, “परत घ्यावा लागेल.” घर आहे, नटी आहे, कापूस आहे. पण तिच्या मागच्या उघड्या दारातून ऊस दिसतो, आणि आता त्या दारातून थेट डांबरी रस्ता दिसतो.

दार बंद ठेवून घेऊ का, असं कॅमेरामननं विचारलं. मी काकूंना विचारलं. “बंद कसं ठेवीन? ऐकू कसं येईल?”

काकांच्या मते खोडवा दसऱ्यापर्यंत डोक्यावर जातो. निर्मात्यांना उद्या सांगायचं. नटीच्या नाटकाचे प्रयोग ऑक्टोबरमध्ये आहेत, तिच्याकडे सलग दोन रात्री मागितल्या आहेत. त्या आठवड्याचं लाइटीचं वेळापत्रक आलं की तारीख पक्की करू. रात्रपाळीच हवी.